न जागणाऱ्या संगणकाची नाडीपरीक्षा

माळ्यावरचे जुने घड्याळ खाली काढावे, त्याला किल्ली द्यावी आणि ते टिकटिकू लागताच घरातील लहानथोरांनी भोवती जमावे, हा अनुभव पुष्कळांच्या गाठी असेल. आता माळ्यावरून उतरणाऱ्या वस्तूंत जुन्या घरगुती संगणकांचीही भर पडू लागली आहे. घड्याळ बिघडले तर ते नुसते थांबते. संगणकाचे तसे नाही. बटण दाबावे तर पडदा काळाच राहतो, काय बिघडले ते कळत नाही, आणि मग उतावळेपणाने हात आत जातो. बरा होण्याजोगा बिघाड कायमचा होऊन बसतो तो बहुधा याच वेळी. म्हणून अशा यंत्राची तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे एका प्रसिद्ध यंत्राच्या उदाहरणाने पाहणे उपयुक्त ठरेल.

हे यंत्र म्हणजे ‘बी. बी. सी. मायक्रो’. त्याच्या जन्मास नभोवाणीच कारण झाली, असे म्हणावयास हरकत नाही. सामान्य जनतेस संगणकाची अक्षरओळख करून द्यावी, असे बी. बी. सी. या ब्रिटिश नभोवाणी संस्थेने ठरविले आणि त्यासाठी लागणारे यंत्र केंब्रिज येथील एकॉर्न या कंपनीकडून तयार करून घेतले. डिसेंबर १९८१ मध्ये ते बाहेर पडले व जानेवारी १९८२ मध्ये दूरचित्रवाणीवर त्याची पाठमाला सुरू झाली. स्टीव्ह फर्बर व सोफी विल्सन हे त्याच्या रचनाकारांपैकी दोघे. आजच्या भ्रमणध्वनींत सर्रास आढळणाऱ्या ‘आर्म’ या गणनचिपेचा पहिला आराखडाही पुढे त्यांनीच केला.

आपल्या देशाशीही या यंत्राचे नाते आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांतून संगणकशिक्षणाचा ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला, तो याच यंत्रांच्या आधाराने. अशी सुमारे १२,००० यंत्रे राज्य सरकारांमार्फत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना मिळाली. त्या वेळी आठवी-नववीत असलेली मुले आज पन्नाशी उलटून गेली आहेत. संगणकाच्या पडद्यावर त्यांच्यापैकी कित्येकांनी स्वतःचे नाव पहिल्यांदा पाहिले ते याच यंत्रावर. असे यंत्र हाती आले तर त्याला मोडीत घालण्यास मन सहजी धजावत नाही.

पहिली गोष्ट ही, की यंत्र माळ्यावरून काढल्याबरोबर त्याला वीज जोडू नये. याच्या विद्युत्पुरवठ्याच्या पेटीत घरगुती विजेच्या दोन तारांमध्ये जोडलेली छोटी धारित्रे, म्हणजे कपॅसिटर, असतात. त्यांच्या आवरणास कालांतराने बारीक चिरा पडतात आणि त्यांतून हवेतील ओल आत शिरते. अशा यंत्रास वीज दिली की काही मिनिटांतच फट्‌ असा आवाज होऊन खोली दुर्गंधी धुराने भरून जाण्याचा संभव असतो. पुष्कळदा त्यानंतरही यंत्र चालतच राहते. परंतु तेवढ्यावर निर्धास्त राहणे योग्य नव्हे. मागील व तळाकडील, ‘फिक्स’ अशी खूण असलेले स्क्रू सोडविले की झाकण निघते. पुरवठ्याची बंद पेटी मात्र घरच्या घरी उघडू नये. खटका बंद केल्यावरही तीतील मोठ्या धारित्रात प्राणघातक दाबाची वीज काही काळ साठून राहते. ती पेटी जाणत्या कारागिराकडे द्यावी आणि जुनी धारित्रे काढवून त्यांच्या जागी घरगुती विजेसाठी प्रमाणित केलेली नवी बसवून घ्यावीत.

हे झाले म्हणजे वीज जोडावी आणि कान द्यावा. या यंत्रात नाडीपरीक्षेची सोय जणू जन्मजातच आहे. निरोगी यंत्र सुरू केले की प्रथम एक खालचा घोगरा सूर येतो आणि लगेच वरच्या पट्टीतील छोटा ‘बीप’ ऐकू येतो. हे दोन सूर एकाच कारणाने उमटत नाहीत. वीज मिळताच ध्वनीची चिप आपोआप गुणगुणू लागते. तिला कोणी आज्ञा दिलेली नसते. इतक्यात मुख्य गणनचिप जागी होते, कायमच्या स्मृतीत कोरलेल्या आज्ञा वाचू लागते, त्या गुणगुणण्यास गप्प करते, मांडामांड पुरी करते आणि मग स्वतःचा ‘बीप’ काढते. पहिला सूर वीज आल्याची खूण, तर दुसरा शुद्धीवर आल्याची.

एवढे कळले की निदानाचा निम्मा मार्ग सरला. काहीच आवाज नसेल तर प्रथम विजेच्या वाटेवर शोध घ्यावा. खालचा सूर न थांबता चालूच राहिला, तर वीज पोहोचली आहे, पण गणनचिप कामास लागलेली नाही. दोन्ही सूर आले, ‘कॅप्स लॉक’चा दिवा लागला, तरीही पडदा काळाच असेल, तर संगणक जागा आहे, दोष चित्राच्या मार्गात, केबलीत किंवा समोरच्या दूरचित्रवाणी संचात असण्याचा संभव अधिक. आणि पडद्यावर यंत्राचे नाव उमटून खाली ‘लँग्वेज?’ असा प्रश्न आला, तर ‘बेसिक’ भाषेची चिप त्याला सापडत नाही, असे समजावे. हा प्रश्न पाहून पुष्कळ लोक घाबरतात. खरे तर तो आनंदाचा क्षण होय, कारण बाकीचे बहुतेक अंग शाबूत असल्याची ती साक्ष असते.

आवाज नसेल किंवा खालचा सूर थांबत नसेल, तर प्रथम मल्टिमीटर घेऊन मुख्य फलकावरील विजेचा दाब मोजावा. लाल व काळ्या तारांमध्ये ५ व्होल्ट असावयास हवेत, ४.७५ पेक्षा कमी किंवा ५.२५ पेक्षा अधिक असल्यास पुढे जाऊ नये. या तारा फलकावर नुसत्या दाबून बसविलेल्या असतात व गंजाने त्यांचा स्पर्श कच्चा होतो. त्या काढून स्वच्छ कराव्यात. पण काढण्यापूर्वी कोणती कोठे होती याचे चित्र कागदावर काढून ठेवावे. लाल व काळी यांची अदलाबदल झाली, तर एका क्षणात अनेक चिपांचा बळी जातो.

दाब ठीक असूनही खालचा सूर थांबत नसेल, तर वीज बंद करून खोबणीत बसविलेल्या चिपा एकेक करून हलक्या हाताने थोड्या वर उचलाव्यात आणि पुन्हा घट्ट बसवाव्यात. चाळीस वर्षांत त्यांच्या पायांवर गंजाचा पापुद्रा चढलेला असतो आणि एवढ्या साध्या उपायानेही यंत्र जागे झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. चिप पूर्ण काढली असेल, तर तिच्या टोकावरील खाच पूर्वीच्याच दिशेस येईल असे पाहावे. त्यानंतर ‘ब्रेक’ ही कळ तपासावी. ती दबलेलीच अडकून राहिली, तर गणनचिपेला कोणीतरी सारखे ‘थांब’ म्हणत असल्यासारखे होते आणि ती बिचारी कधीच उठत नाही.

यापुढील तपासणीस ऑसिलोस्कोप किंवा तत्सम साधन लागते. गणनचिपेला सेकंदास वीस लाख ठोके मिळतात की नाही, तिच्या आज्ञावाहक तारांवर हालचाल आहे की नाही, ते पाहावयाचे. कामचलाऊ स्मृतीच्या १६ चिपा मिळून या यंत्राची ३२ के. स्मृती होते, त्यांपैकी एक जरी कामातून गेली तरी सारे गाडे अडू शकते. येथे बोटाने उष्णता पाहण्याची युक्ती काही जण सांगतात. ती वाईट नाही, परंतु चित्राची चिप निरोगी असतानाही तापतेच. तिच्या डोक्यावर उष्णता उतरविण्याचा धातूचा तुकडा बसविलेला असतो तो त्यासाठीच. केवळ गरम आहे म्हणून कोणास दोषी ठरवू नये.

या सर्व खटाटोपात एक वही जवळ असावी. एका वेळी एकच बदल करावा, तो लिहावा, आणि मगच पुन्हा वीज द्यावी. दोन चिपा एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर रोगी बरा होतो, पण रोग कोणता होता ते कळत नाही. आणि यंत्र सुरू न झाले, तर जुन्या बिघाडात नव्याची भर पडली की काय, हेही सांगता येत नाही.

अशा चिकाटीने काम केल्यावर एखाद्या संध्याकाळी खालच्या सुरामागून तो छोटा ‘बीप’ येतो, आणि पडद्यावर यंत्राचे नाव व बाणाच्या टोकासारखी खूण उमटते. त्या आनंदात एक कर्तव्य विसरू नये. यंत्राबरोबर माळ्यावर जुन्या ध्वनिफिती ठेवलेल्या असतील, तर त्यांतील मजकुराची आधी नवी प्रत करून घ्यावी. नवव्या इयत्तेतील कोणा मुलाने लिहिलेली पाढ्यांची आज्ञावली त्यांत असेल, शाळेचे एखादे जुने गुणपत्रक असेल. चिप बिघडली तर दुसरी शोधता येते. फितीवरचे चुंबकीय अक्षर एकदा पुसट झाले की ते पुन्हा कोठून आणावयाचे?