भरावाची माती



समुद्र चढतोय हेही लक्षात घेऊन मालदीवनं वाळू उपसून, भर टाकून हुलहुमाले बेट उभं केलं. काम १९९७ साली सुरू झालं. जमीन साधारण दोन मीटर उंच ठेवली. आपल्याकडे मात्र भरावाला डोंगर लागतो. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे टेकडी फोडून पाणथळ जागेवर पसरली, उलवे नदीही वळवली. इंजिनिअर म्हणून मला कौतुक वाटतं, खालापूरची म्हणून धास्ती. उद्या सगळा किनारा उंच करायचा ठरला, तर मुरूम कुठून आणणार? आपल्यातल्या काहींचे क्रशर आहेत, रागावू नका. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री अतिवृष्टीनंच दरड आली. त्यात पायथेही पोखरायचे? शेजारची टेकडी कोणी विकत मागितली, तर भाव सांगण्याआधी मला एक फोन करा.