नवा टायर पुढे की मागे?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर अध्यात्मापासून अणुशक्तीपर्यंतचे विषय शोभून दिसतात. तेथे सायकलच्या टायरवर बोलण्यास उभे राहणे हे धाडसच आहे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु ज्या वस्तूवर आपली मुले रोज स्वार होतात आणि जिच्यावरून कधीमधी पडतातही, त्या वस्तूचा विचार एखाद्या सायंकाळी चार शहाण्या माणसांनी एकत्र बसून केला, तर तो वाया जाणार नाही असे वाटल्यावरून आम्ही हा विषय घेतला आहे.

आरंभीच एक प्रश्न विचारतो. सायकलचा एकच टायर बदलण्यापुरते पैसे खिशात आहेत. नवा टायर आपण कोणत्या चाकाला घालाल? आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर 'मागच्या' असे येईल. आमचेही उत्तर अनेक वर्षे तेच होते, आणि ते अगदीच अविचाराचे नव्हते. स्वाराचे निम्म्याहून अधिक वजन मागच्या चाकावर पडते, पॅडलचा जोरही त्याच चाकातून जमिनीला लागतो. म्हणून मागचा टायर आधी झिजतो. झिजला तो बदलावा, पुढचा चालतो आहे तोवर चालवावा, हा हिशेब सरळ वाटतो. सोलापुरात गिरण्यांचा भोंगा होई त्या काळी पहाटेच्या अंधारात काळ्या सायकलींचा लोंढा रस्त्याने वाहत असे. त्या सायकलींना हाच हिशेब लागू होता. बेताचा वेग, सपाट डांबरी रस्ता, कोरडी हवा. अशा रस्त्यावर पुढचा टायर थोडा गुळगुळीत झाला तरी पकड फारशी कमी होत नाही. तेव्हा ही काटकसर खपून गेली, आणि खपून गेली म्हणून तिचा नियम झाला.

पुढे घरोघर जाड टायरची सायकल आली, जिला माउंटन बाईक म्हणतात. तिचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, मरीन परगण्याच्या डोंगरांत झाला. तेथील काही तरुण जुन्या, फुगीर टायरांच्या जड सायकली घेऊन मातीच्या वाटांनी डोंगर उतरू लागले, आणि 1976 मध्ये त्यांनी अशा एका उतारावर शर्यती सुरू केल्या. त्या उताराचे नाव 'रीपॅक' पडले. कारण मोठे गमतीचे आहे: एका उतरणीत मागच्या ब्रेकचा हब इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई, आणि खाली पोहोचल्यावर ते नव्याने भरावे लागे. अशा वाटांवर नांदण्यासाठी जी सायकल घडली, तिला गिरणीच्या रस्त्यावरचा नियम लावून कसे चालेल? पण आम्ही तो लावला.

आमचा एक भाचा आहे. त्याच्या सायकलचा मागचा टायर गोटा झाला, तेव्हा आम्हीच त्याला नवा टायर आणून दिला आणि आमच्याच सल्ल्याने तो मागे बसला. पुढचा जुना टायर तसाच राहिला. त्याच्या कडेच्या गुटक्यांचे कोपरे झिजून गोल झाले होते, ते आम्ही पाहिले होते. आठ दिवसांनी मुले तुळजापूरच्या बाजूला बालाघाटाच्या उतरणीवर गेली. कठीण जमीन आणि वर बारीक सुटा मुरूम, अशी ती वाट. एका वळणावर पुढचे चाक घसरले, आणि त्याच्या हासळीचे हाड मोडले. इस्पितळात त्याने आम्हांस विचारले, "मामा, नवा टायर तर घातला होता ना आपण?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजचे व्याख्यान हे एका अर्थी त्याचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आता कारणांकडे वळू. सायकल उभी राहते ती स्वार तिला सतत किंचित इकडेतिकडे वळवीत असतो म्हणून. तोल डावीकडे गेला की हँडल नकळत डावीकडे वळते आणि चाके पुन्हा आपल्या भाराखाली येतात. म्हणजे पुढचे चाक केवळ दिशा दाखवीत नाही, ते तोलही सांभाळते. मागचे चाक घसरले तर सायकल तिरपी होते, शेपूट हलावी तशी हलते. पण पुढचे चाक जमीन धरून असल्याने हँडल वळवून, पाय टेकून सावरण्यास क्षणभर अवधी मिळतो. पुढचे घसरले की हँडल वळवून काही होत नाही, कारण ज्याने जमीन धरायची तेच जमिनीवरून सुटलेले असते. पाय टेकण्यापूर्वी माणूस खाली आलेला असतो. त्यातच ब्रेक दाबला की भार पुढे सरकतो, उतारावर तो आणखी सरकतो. म्हणजे थांबण्याचे मोठे काम पुढच्या चाकावर येते. आजचे डिस्क ब्रेक जोरदार असतात. पण ब्रेक चाकाला थांबवतो, सायकलला थांबवायचे ते जमीन आणि टायर यांच्यातील पकडीनेच.

म्हणून नियम उलटा करावयाचा. नवा आणि अधिक पकडीचा टायर पुढे. मागचा झिजला की पुढचा काढून मागे घालावा, मागचा टाकून द्यावा, आणि नवा पुढे बसवावा. खर्च एकाच टायरचा. अर्ध्या तासाचे काम काय ते अधिक. झिजण्याची जागा मागे आहे, तेव्हा अर्धवट जुन्या टायरने उरलेले आयुष्य तेथेच काढावे. तेथे त्याने दगा दिला तरी बहुधा माणूस सावरतो.

मग पुढचा टायर निवडावा कसा? पहिली गोष्ट नक्षीची. सुट्या मुरमावर टायरचे गुटके उंच, एकमेकांपासून थोडे दूर आणि कोपऱ्यांना धारदार असावेत, म्हणजे ते सुटा थर भेदून खालच्या घट्ट जमिनीला टेकतात. वळणावर सायकल कलते तेव्हा काम पडते ते कडेच्या रांगांना. म्हणून दुकानात टायरच्या मध्यभागाऐवजी कडेवर बोट फिरवून पाहावे. दुसरी गोष्ट रबराची. मऊ रबर दगडाच्या खडबडीत अंगाशी अधिक जुळवून घेते आणि अधिक धरते. पण ते लवकर झिजते आणि पॅडलला थोडे जड जाते. पुढच्या चाकावर झीज कमी असल्यामुळे हा तोटा तेथे सोसण्याजोगा आहे. मागे मात्र कठीण रबर आणि बुटके गुटके शोभतात.

परंतु अतिरेक नको. फार उंच आणि मऊ गुटके डांबरी रस्त्यावर वाकतात, वळणावर सायकल डुलल्यासारखी होते. ज्याला शहरातच फिरावयाचे आहे, त्याने असा टायर घेऊ नये. आणि आपल्या काळ्या मातीविषयी एक सांगणे अवश्य आहे. सोलापुरात खरा पाऊस भाद्रपदाच्या सुमारास पडतो. तेव्हा ही माती पाणी पिऊन फुगते, चाकाला लिंपत जाते, आणि चिमट्यात अडकून चाक फिरेनासे करते. तेथे जगातला कोणताही टायर उपयोगाचा नाही. सायकल खांद्यावर घ्यावी, किंवा वाट वाळेपर्यंत घरी बसावे.

तिसरी गोष्ट मापाची. 'सव्वीस इंची' एवढे सांगून टायर आणू नये. या एका नावाची निरनिराळी मापे आहेत. जुन्या सव्वीस-एक-तीन-अष्टमांश टायरच्या रिमचे माप 590 मिलिमीटर, तर सव्वीस इंची माउंटन बाईकचे 559. साडेसत्तावीस इंचीचे 584 आणि एकोणतीस इंचीचे 622. हा आकडा टायरच्या अंगावर छापलेला असतो. तो जुळवूनच घ्यावा. बसविताना बाजूवरचा बाण चाक फिरते त्या दिशेने आहे ना, तेही पाहावे.

चौथी गोष्ट हवेची. ती फुकट आहे, म्हणूनच कदाचित दुर्लक्षित आहे. टायर दगडासारखा टणक लागला म्हणजे हवा उत्तम भरली, अशी आपली समजूत आहे. हिशेब करून पाहा. स्वार आणि सायकल मिळून 85 किलो धरू. त्यातील सुमारे 34 किलो, म्हणजे 75 पौंड, पुढच्या चाकावर येतात. चौरस इंचाला 50 पौंड हवा असेल तर जमिनीला टेकणारा रबराचा ठसा साधारण दीड चौरस इंचाचा होतो. 30 पौंड असेल तर अडीच चौरस इंचाचा. पकडीतला हा फरक पैसा न खर्चता मिळतो. सव्वादोन इंच रुंदीच्या टायरला, मध्यम वजनाच्या स्वारास, तीस-पस्तीस पौंड पुरतात. पुढे मागच्यापेक्षा दोन-तीन पौंड कमी. मात्र फार कमी करू नये. दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात.

बंधुभगिनींनो, काटकसर हा आपल्या गावाचा गुण आहे, आणि तो सोडावा असे आम्ही म्हणत नाही. दुष्काळाने जो शिकवला, तो गुण विसरू नये. पण जी काटकसर एके काळी शहाणपणाची होती, ती रस्ता बदलला, वाहन बदलले, तरी शहाणपणाचीच राहील असे गृहीत धरणे ही आमची चूक झाली. पैसा आम्ही तेवढाच खर्चिला होता. टायरही चांगलाच आणला होता. चुकली ती फक्त जागा.

भाच्याचे हाड आता जुळले आहे आणि तो पुन्हा सायकलवर बसू लागला आहे. परवा तो आमच्याकडे आला, तेव्हा आम्ही काही न बोलता आधी वाकून त्याच्या पुढच्या चाकाच्या कडेवरून बोट फिरवले. तो हसला. आज घरी गेल्यावर आपणही आपल्या मुलाच्या सायकलपाशी एवढेच करावे, ही विनंती.