आधी सुई, मग कुत्रं
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला होता ‘आयटी क्षेत्रातील संधी’. तो मी बदलून मागितला. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता याच क्षेत्रात आहेत आणि त्यांना संधी माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. मी बोलणार आहे कुत्र्यांबद्दल. मागून कोणीतरी भुंकलं, ते ऐकू आलं. आवाजही ओळखला. तीस वर्षांत काही फरक पडला नाही तुझ्यात.

पण मुकुटबनमध्ये, या शाळेत उभं राहून कुत्र्यांच्या बाजूने बोलायचं, तर एका व्यक्तीला विचारल्याशिवाय मला बोलता येत नव्हतं. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा धाकटा भाऊ १९९३ साली गेला. नाव घेत नाही, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मागच्या महिन्यात तिला फोन केला. म्हटलं, मी असं असं बोलणार आहे, तुला चालेल का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बोल ना. पण कुत्र्याच्या आधी सुईचं बोल.”

म्हणून आधी सुई.

त्या पोराला चावलं होतं ते एक लहानसं पिल्लू होतं. रेल्वे रुळाकडच्या बाजूला, हाताला, जेमतेम ओरखडा. घरच्यांनी त्यावर मिरची आणि चुना लावला. तेव्हा सगळेच तसं करायचे. कोणीतरी म्हणालं, वणीला नेऊन सुया द्या. त्या वेळी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. कापसाची वेचणी सुरू होती. “पिल्लू त होतं, त्यानं काय होते? चौदा खेपा वणीले कोण नेईन?” हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. एका जाणत्या माणसाकडून झाडपाल्याचं औषध आणलं. जखम भरली, पोरगा शाळेत येऊ लागला. दोनेक महिन्यांनी त्याला पाणी पिता येईना. पुढचं मी सांगत नाही.

पोटातल्या त्या चौदा सुयांची लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. भारतात ती २००४ च्या अखेरीस बंद झाली, पण तिची भीती अजून गेलेली नाही. आताची सुई दंडात मिळते. सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी कातडीत थोडी थोडी देतात: पहिली घेतली तो शून्य दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. त्याआधी घरीच, चावल्याबरोबर, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून बघा, पंधरा मिनिटं फार मोठी असतात. मिरची नाही, चुना नाही, हळद नाही. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, ते डॉक्टरांकडे आपण होऊन विचारायचं. आणि ‘पिल्लू होतं’, ‘घरचंच होतं’ हे कारण चालत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे जे करायचं ते लक्षणं दिसायच्या आतच.

आता कुत्रं.

तो पोरगा गेल्यावर गावात कुत्री मारली गेली. कोणी ठरवलं, कोणी मारली, यात मी जात नाही. सगळं गाव घाबरलेलं होतं आणि भीती खरी होती. आपल्या शाळेच्या व्हरांड्यात मोती झोपायचा, आठवतो ना? डब्यातल्या भाकरीचे तुकडे खाणारा, प्रार्थनेला रांगेच्या शेवटी येऊन बसणारा. माणसं काठ्या घेऊन शाळेच्या आवारात आली तेव्हा मोती मागच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड दडला होता. ते फक्त मला माहीत होतं. त्यांनी विचारलं आणि मी बोट दाखवलं. मी तेव्हा सातवीत होते. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही या भाषणाच्या तयारीत सांगितलं.

गंमत बघा, पुढच्याच पावसाळ्यात गावात पुन्हा तेवढीच कुत्री होती. याचं कारण मला पुढे पुण्यात कळलं. प्रत्येक टोळीचा एक इलाका असतो. इलाक्यातली कुत्री मारली की तिथलं अन्न मोकळं होतं, बाहेरची येतात, आणि मादीचे दिवस फक्त दोन महिन्यांचे, त्यामुळे भरपाईला वेळ लागत नाही. येणारी नवी कुत्री अनोळखी, बिनलसीची. म्हणजे आपण ओळखीची कुत्री घालवून अनोळखी आणली. कुत्री मारण्याचा प्रयोग तसा जुनाच. १८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा पारशी लोकांनी शहर बंद पाडलं होतं, दंगल झाली होती.

पुण्यात माझा या कामाशी संबंध आला तो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. हिंजवडीतल्या टपऱ्या आणि कँटीनं बंद पडली आणि त्यांच्या उष्ट्यावर जगणारी कुत्री आमच्या सोसायटीच्या फाटकाशी येऊन बसली. मी भात आणि अंडी नेऊ लागले. दया वगैरे नव्हती, खरं सांगते. घरात बसून कंटाळा आला होता. मग त्यातली एक मादी आमच्या मीटर रूममध्ये व्याली. सहा पिल्लं. सोसायटीच्या ग्रुपवर युद्ध पेटलं. मी कुठून कुठून नंबर मिळवून एका स्वयंसेवक काकूंना फोन केला, बँकेतून निवृत्त झालेल्या. मला वाटलं, त्या गाडी पाठवतील आणि पिल्लं घेऊन जातील. त्या म्हणाल्या, “नेणार कोणी नाही. तुम्ही आठ आठवडे सांभाळा, घरं मी शोधते.”

हे काम असंच चालतं. पुण्यात रेस्क्यू ट्रस्टसारख्या संस्था २००७ पासून आहेत, मुंबईत वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज १९८५ पासून. दवाखाना, अँब्युलन्स, नसबंदी ही मोठी कामं संस्था करतात. पण बरं झालेलं, लस दिलेलं कुत्रं कोणाच्या तरी घरी पोचवायचं काम बरंचसं आमच्यासारख्यांच्या फोनवर चालतं. एकाकडे गाडी, एकीकडे रिकामी खोली, एकाला फोटो बरे काढता येतात. माझ्याकडे एक्सेल होतं. कुठलं पिल्लू, कधी सापडलं, जंत-लस कधी, कोणाकडे तात्पुरतं आहे, कोणी मागितलं, कोणाला दिलं, आणि शेवटचा रकाना ‘परत’.

त्या शेवटच्या रकान्याने मला जेवढं शिकवलं तेवढं नोकरीने शिकवलं नाही. लोक रंग विचारतात. काळ्या पिल्लाला घर मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि मादी नको म्हणणारे तर पावलोपावली. आपल्याकडे काळी गाय चालते, काळी माती चालते, पण कुत्रं काळं नको. गावठी दिसतं म्हणून नाकारणारा माणूस हजारो रुपये देऊन हस्की विकत घेतो, बर्फातल्या गाड्या ओढायला वाढवलेला कुत्रा, आणि एप्रिलमध्ये त्याला धापा लागल्या की आम्हालाच फोन करतो की घेऊन जा.

आमचा एक अर्ज आहे. घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी, कुत्रं दिवसात किती तास एकटं राहील, दिवाळीला गावी जाताना कोणाकडे ठेवणार, नसबंदी आणि लशीची हमी. ‘मुलाला वाढदिवसाचं सरप्राइज’ असं उत्तर आलं की आम्ही फोन ठेवतो. आणि एक प्रश्न मी नंतर घातला: घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला हे मान्य आहे का?

तो माझ्या चुकीतून आला. त्या सहा पिल्लांतली एक तपकिरी मादी, छातीवर पांढरा ठिपका. एक तरुण जोडपं आलं, बोलायला गोड, दोघंही माझ्यासारखेच इंजिनिअर. घर बघायला जायचा नियम होता. माझी त्या आठवड्यात डिलिव्हरी होती, सॉफ्टवेअरची, तर मी म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, काय बघायचं? पिल्लू दिलं. दोन महिने फोटो आले. मग नंबर बंद. पावसाळ्यात दुसऱ्या एका गटाने हायवेवरच्या जखमी कुत्रीचा फोटो टाकला. तोच ठिपका, मी घातलेलाच निळा पट्टा. मागचा पाय वाचला नाही. त्या जोडप्याला मी शेवटी गाठलं तेव्हा मुलगी रडत होती. सासूबाई राहायला आल्या होत्या, त्यांना सोवळ्यात कुत्रं चालेना, आणि मला फोन करायची लाज वाटली म्हणून गाडीत घालून लांब सोडलं. सासूबाईंना मी दोष देत नाही, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. ती कुत्री आज माझ्याकडे आहे. तीन पायांवर जिना माझ्याआधी चढते.

तुम्ही म्हणाल, सुप्रीम कोर्टाने सांगितलं ना सगळी उचला म्हणून. ते थोडं नीट वाचायला हवं. ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश दिल्ली आणि आसपासची कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असा होता. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो बदलला: नसबंदी आणि लस करून कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं, पिसाळलेलं किंवा फार आक्रमक असेल ते सोडून. दत्तक घ्यायचं तर घेता येईल, पण ते पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. मग ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलून पुन्हा तिथे सोडू नका असा आदेश आला. शाळेबद्दलच्या त्या आदेशाने आमच्या गटात फूट पडली. मी त्या मैत्रिणीचा भाऊ पाहिला आहे, त्यामुळे शाळेचं आवार मोकळं हवं या बाजूची आहे. पण उचललेलं कुत्रं ठेवणार कुठे, याचं उत्तर माझ्याकडेही नाही. दोन जणी माझ्याशी अजून बोलत नाहीत.

इथे पुण्याचं जसंच्या तसं चालणार नाही. आपल्याकडचं कुत्रं बेघर असतंच असं नाही. ते तीन घरांचं असतं. सकाळी एकीकडे भाकरी, रात्री रानडुकरांपायी जागलीला दुसऱ्याच्या शेतात. त्याला घर शोधायची गरज नाही, त्याला लस आणि नसबंदी हवी. २०२३ च्या केंद्राच्या नियमांत ही जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे, आणि त्यात ग्रामपंचायतही येते. शिवाय आपलं गाव जंगलाला लागून. कुत्र्यांत आढळणारा डिस्टेंपर २०१८ साली गीरच्या सिंहांत सापडला होता. आपल्या रानातल्या वाघापर्यंत तो जाऊ नये असं वाटत असेल तर गावातली कुत्री निरोगी हवीत.

घर शोधायची वेळ येते ती पिल्लांना आणि मागे टाकलेल्यांना. सिमेंट कारखाना आला, खाणी आल्या, ट्रक वाढले, बाहेरगावची माणसं वाढली. इथले मित्र सांगतात की बिऱ्हाड हललं की कुत्रं बऱ्याचदा मागेच राहतं. अशा पाच-सात कुत्र्यांसाठी वणी, पांढरकवडा, यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर इथे राहणारे आपल्याच वर्गातले लोक पुरेसे आहेत. आपला व्हॉट्सॲप ग्रुप सकाळच्या गुलाबाच्या फुलांतून मोकळा झाला तर.

स्नेहमेळावा समितीकडे जमलेल्या पैशांतून शाळेला कमान बांधायचं घाटत आहे. कमानीला माझा विरोध नाही. सर, तुम्ही समोर आहात म्हणून घाबरत सांगते, कमान थोडी बुटकी करू या. उरलेल्या पैशांत दोन गोष्टी होतील. शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर रंगवून घ्यायचं: चावलं तर पंधरा मिनिटं साबणपाणी, सुई कुठे मिळते, कोणत्या दिवशी. मराठीत, आणि शेजारी तेलुगू आणि कोलामीत, कारण आपल्या शाळेत ती मुलंही बसतात. आणि दर वर्षी २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनाला, गावातल्या कुत्र्यांना लस. दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या गावातली कुत्री मोजून होतील एवढीच आहेत. पशुवैद्यक डॉक्टर आणि ग्रामपंचायत यांच्याशी बोलायला दोघांनी नावं दिली आहेत. तिसरं नाव त्या मैत्रिणीचं आहे. ते मी मागितलं नव्हतं, तिने काल रात्री स्वतः दिलं.

जेवणाच्या मंडपात आलूबोंड्यांच्या टेबलाशेजारी एक वही ठेवली आहे, ज्यांना यायचं त्यांनी नाव आणि नंबर लिहा. शाळेच्या मागच्या शेडमध्ये चार पिल्लं आहेत, दोन काळी. त्यांना अजून आठ आठवडे झालेले नाहीत, त्यामुळे आज कोणी उचलू नका. मलाही आग्रह करू नका, मी नेणार नाही. घरी दोन आहेत आणि नवऱ्याला शब्द दिला आहे.