तीन वेळचं जेवण आणि एक माणूस

तंजावरजवळचं तिरुवैयारु म्हटलं की त्यागराजांची समाधी आणि कावेरीकाठचं गाणं आठवतं. मला मात्र आठवतं ते तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांचं पत्र. आपल्या पूर्वजांनी रामेश्वरच्या वाटेवर बांधलेल्या छत्रांबद्दल, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळांबद्दल, 1801 साली त्यांनी इंग्रज रेसिडेंटला ते लिहिलं. परक्या वाटसरूचं पोर अनाथ झालं तर ते पंतोजींच्या हवाली करायचं. तीन वेळा जेवण, दर चार दिवसांनी अंगाला तेल, औषधपाणी, कपडे, त्याच्या आवडीची विद्या आणि पुढं लग्नाचा खर्चसुद्धा!

सरफोजी स्वतः दत्तक गेले आणि लगेच पोरके झाले. काका अमरसिंगांनी त्यांना कोंडून ठेवलं; मिशनरी श्वार्ट्झ मधे पडले म्हणून सुटले. पत्रामागं हेच दुःख होतं असं म्हणायचा मोह होतो, पण राजांच्या मनाचे हिशेब आपण मांडू नयेत.

पण जेवण, कपडे, औषधपाणी असं सगळं मिळूनही काही मुलं कोमेजतात. पोटभर दूध आणि स्वच्छ पाळणा असलेली संस्थेतली तान्ही मुलंही खंगत जातात, हे रेने स्पिट्झ यांनी 1945 साली दाखवलं. जियाना हेन्री या बालमनोविश्लेषिकेनं 1974 मध्ये पुढचं सांगितलं. असं मूल दोनदा वंचित होतं. आधी परिस्थितीमुळे, आणि मग स्वतःला जपण्यासाठी मनाभोवती घातलेल्या कुंपणामुळे. कुणी माया घेऊन आलं तरी ती त्याला घेता येत नाही.

म्हणून अशा मुलांवरच्या मानसोपचाराची रीत हट्टानं एकसारखी ठेवतात. तोच वार, तीच वेळ, तीच खोली, आणि फक्त त्याच मुलाची खेळण्यांची पेटी: बाहुल्या, जनावरं, दोरा, डिंक, कागद. मूल बाहुलीचा हात मोडतं, थुंकतं, “तू पुढच्या वेळी येणारच नाहीस” म्हणतं. उपचारक त्याला अंगावर येऊ देत नाही, पण रागावतही नाही. टाकून दिल्यावर कसं वाटतं ते तुला मला दाखवायचंय, एवढंच बोलतो, आणि पुढच्या वेळी हजर असतो. मोडकी बाहुलीही पेटीत तशीच असते.

हे वर्षानुवर्षं चालतं. सुट्टी कधी ते मुलाला आधीच सांगतात, कारण एक न सांगितलेला खाडा महिन्यांची कमाई घालवू शकतो. आणि मुलाला तिथं घेऊन येणारं माणूस दर वेळी बदलू नये, अशी विनंती बालगृहाला करावी लागते. पाळ्या बदलणाऱ्या संस्थेला नेमकं हेच सगळ्यात जड जातं.