हरभऱ्याचा बेवड

हरभरा निघालेल्या रानात पुढचं पीक जोमदार येतं, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. आपले वाडवडील याला बेवड म्हणत आले. या बेवडामागे कोण राबतं, ते आज सांगतो.

हरभऱ्याचं एखादं रोप खुरप्यानं मातीसकट काढा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. तो रोग नव्हे. ते रायझोबियम जिवाणूंचं घर आहे. शेंगावर्गीय पिकं या गाठींच्या बळावर हवेतलं नत्र वापरतात, हे जर्मनीतल्या हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ मध्ये जाहीर केलं. दोनच वर्षांनी हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा करून दाखवला.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. युरियासाठी कारखान्यात हेच नत्र बांधायला ४०० ते ५०० अंश सेल्सिअस उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. रायझोबियम ते काम तुमच्या मातीत, गाठीच्या आत करतो. बदल्यात रोप त्याला पानांत तयार झालेलं अन्न पुरवतं. मात्र नत्र बांधणारं विकर प्राणवायूनं निकामी होतं, आणि जिवाणूला जगायला प्राणवायू तर हवाच. म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन तयार होतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातलं हे द्रव्य प्राणवायू बेताबेतानं पोचवतं. त्यामुळे काम करणारी गाठ आतून गुलाबी-लाल असते. पांढरी किंवा हिरवट गाठ कामाची नाही.

प्रत्येक पीकगटाचा जिवाणू वेगळा. सोयाबीनचा हरभऱ्याला चालत नाही. म्हणून जिवाणू संवर्धनाच्या पाकिटावर पिकाचं नाव आणि मुदत पाहून घ्या. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग जिवाणू. बियाणं सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. युरिया जास्त झाला की रोप गाठी कमी धरतं. पाणी साचलं की गाठींचा श्वास कोंडतो.

फुलोऱ्याच्या सुमारास चार-पाच रोपांच्या गाठी नखानं फोडून पाहा. आणि काढणीला हरभरा मुळासकट उपटू नका, विळ्यानं कापा. मुळं आणि गळलेला पाला रानातच कुजू द्या. वाडवडिलांनी सांगितलेला बेवड त्यातच आहे.