वेलीचा विसावा

श्रोतेहो, आज मी ज्या माणसाविषयी आपल्याशी बोलणार आहे, तो कदाचित या क्षणी आपल्याच घरात, आतल्या खोलीत दिव्याखाली बसून काम करीत असेल. त्याला कचेरी नाही, साहेब नाही, हजेरीचे पुस्तक नाही आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस हाती पडणारा पगारही नाही. कोणी भाषांतरे करतो, कोणी चित्रे काढतो, कोणी चार दुकानांचे हिशेब लिहितो, तर कोणी संगणकावर दूरदेशीच्या व्यापाऱ्याचे काम करून देतो. फ्रीलान्सर या नावाने आज तो ओळखला जातो. त्याच्या स्वातंत्र्याचा पुष्कळांस हेवा वाटतो. परंतु त्या स्वातंत्र्याच्या पोटी दोन दुखणी दडलेली असतात. काम करून करून येणारी ग्लानी हे पहिले, आणि उद्याची धास्ती हे दुसरे. या दोहोंना आवरण्याचा मार्ग मला निफाडच्या द्राक्षमळ्यात सापडला, तो आपणांस सांगावा एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

मी स्वतः भाषांतराचा व्यवसाय करते. नोकरी सोडल्यावर पहिली दोन वर्षे मी एकाही कामास नकार दिला नाही. आज नाही म्हटले तर उद्या हा गृहस्थ पुन्हा विचारणार नाही, ही भीती सतत मनात असे. आधी रविवार गेला, मग रात्रीची जेवणे घरच्या माणसांबरोबर होईनाशी झाली, शेवटी दिवाळीचे चार दिवसही कामात गेले. तिसऱ्या वर्षी एका औषधाच्या माहितीपत्रकात मी दीड मिलिलिटरच्या जागी पंधरा लिहून ठेवले. दशांशचिन्ह तेवढे गळले होते! मुद्रिते तपासणाऱ्याच्या ते ध्यानात आले म्हणून अनर्थ टळला. पण मला खरी धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीने. चूक कळल्यावर मला लाज वाटली नाही, दुःख झाले नाही, काहीच वाटले नाही. ज्या कामासाठी मी नोकरी सोडली, त्या कामाविषयी माझ्या मनात काडीची आस्था उरली नव्हती.

या अवस्थेस शास्त्रज्ञांनी नाव दिले आहे. न्यूयॉर्कमधील हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली तिच्यावर निबंध लिहिला. मोफत दवाखान्यात हौसेने राबणाऱ्या मंडळींत त्याने ही ग्लानी पाहिली होती, आणि तो स्वतःही तिच्यातून गेला होता. पुढे २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची तीन लक्षणे नमूद केली: शक्ती आटणे, कामापासून मन दुरावणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि हातून काम नीट न होणे. संघटनेने तिला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न आवरल्याने उद्भवणारी अवस्था म्हटले आहे. माझ्या ठिकाणी ही तिन्ही लक्षणे होती. घरच्यांनी मला मे महिन्याच्या अखेरीस मामांकडे पाठविले.

न्यायमूर्ती रानडे यांचे जन्मगाव म्हणून निफाड आपणांस ठाऊक असेल. १८४२ साली त्यांचा जन्म तेथे झाला. आज तो सारा तालुका द्राक्षांनी आणि कांद्यांनी ओळखला जातो. मी गेले तेव्हा माझ्या मनात द्राक्षांच्या घोसांनी लगडलेले मांडव होते. प्रत्यक्षात पाहते तो बागेत एकही घड नव्हता. नुसती कोवळी पाने आणि हिरव्या काड्या! मी म्हटले, "मामा, यंदा बाग वाया गेली की काय?" मामा हसले. म्हणाले, "अगं, वाया कसली? पुढच्या माघातले घड आत्ताच तर डोळ्यांत बसतायत."

त्यांनी मला जे समजावून सांगितले ते मी थोडक्यात सांगते. आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा करतात. फळासाठीची छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते व तिचे पीक जानेवारीपासून एप्रिलपर्यंत निघते. पीक निघाल्यावर लगेच कात्री लावीत नाहीत. पंधरा-वीस दिवस वेलीस विसावा देतात, आणि त्या दिवसांत तिला खत-पाणीही देतात. मग एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. तिच्यापासून फळ घ्यावयाचे नसते. नवी काडी तयार करावयाची असते. ही काडी वाढत असताना, उन्हाळ्याच्या प्रकाशात, तिच्या डोळ्यांत पुढील हंगामाच्या घडाची सूक्ष्म घडण होते. ती बाहेरून दिसत नाही. बाग रिकामी आहे असे वाटसरूस वाटते, त्याच दिवसांत पुढील वर्षाचे पीक ठरत असते.

श्रोतेहो, हे ऐकताना मला माझ्या दोन वर्षांचा हिशेब लागला. मी केवळ ऑक्टोबरचीच छाटणी करीत होते. नवे पुस्तक वाचले नव्हते, नवा शब्दकोश चाळला नव्हता, कोणा जाणत्यापाशी बसून चार गोष्टी ऐकल्या नव्हत्या. ज्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत तो दिवस फुकट, असे मी मानले होते.

दुसरी गोष्ट घडांची. वेलीवर जितके घड येतात तितके चांगला बागाईतदार राखीत नाही. वेलीच्या वाट्याच्या साधारण एक ते दीड चौरस फूट जागेमागे एक घड, असे प्रमाण धरून तो बाकीचे काढून टाकतो. फार घड ठेवले तर मणी लहान राहतात, साखर भरत नाही, आणि वेल इतकी थकते की पुढील वर्षी तिला फळ कमी धरते. चांगले हिरवेगार घड मामा खुडून टाकतात हे ऐकून मला हळहळ वाटली. ते म्हणाले, "वेलीला विचारशील तर ती कशालाच नाही म्हणायची नाही. नाही म्हणायचं काम बागवाल्याचं." माझ्या व्यवसायात वेलही मीच आणि बागवालाही मीच, पण बागवाल्याचे काम मी दोन वर्षांत एकदाही केले नव्हते.

आता उद्याच्या धास्तीविषयी. निफाडच्या शेतकऱ्याइतकी अनिश्चितता आपल्यापैकी किती जणांच्या वाट्यास येत असेल? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील काढणीस आलेल्या बागा काही घटकांत झोडपल्या गेल्या. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडचा पारा दोन अंशांच्याही खाली उतरला. अशा थंडीत मणी तडकतात. त्या रात्री शेतकरी बागेत शेकोट्या पेटवितो, पहाटे वेलींना पाणी देतो. एवढे करून तो घरी येतो व चहा घेतो. पारा किती उतरावा हे त्याच्या हाती नसते.

मामांची एक बाग गारांनी गेली होती. "झोप लागत होती का?" असे मी विचारले. "पहिल्या रात्री नाही लागली," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मोडलेल्या काड्या काढायच्या होत्या, म्हणून लागली." त्यांनी सगळी जमीन द्राक्षाखाली कधीच घातली नाही. थोडा कांदा असतो, तो लासलगावच्या बाजारात जातो. थोडा गहू असतो. दारात दुभती गाय असते. गारपिटीच्या वर्षी घर त्यांवर चालले.

शहरातील मुक्त व्यावसायिकाने यावरून काय घ्यावे? मी जे घेतले ते सांगते. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा साठविल्याशिवाय मी आता कोणतीही मोठी खरेदी करीत नाही. मिळकतीचा अर्ध्याहून अधिक भाग एकाच गिऱ्हाइकाकडून येऊ देत नाही. मोठ्या कामाची काही रक्कम आगाऊ घेते. म्हातारपणाची तरतूद पगारदारांनाच करता येते हा समज चुकीचा आहे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यासही खुला आहे, आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना २००९ सालापासून सर्व नागरिकांस खुली झाली आहे. तेजीच्या महिन्यात त्यांत थोडी अधिक भर घालावी. एवढे केल्यावरही जी धास्ती उरते, तिला मी गारपिटीच्या सदरात टाकते. आणि रविवारी काम करीत नाही.

मात्र पैशांची तरतूद म्हणजे सर्व तरतूद नव्हे. याच तालुक्यातील पिंपळगाव बसवंत येथे कुसुमाग्रजांचे, म्हणजे विष्णु वामन शिरवाडकरांचे, बालपण गेले. तरुणपणी त्यांनी चित्रपटात काम केले, मग एका पत्रातून दुसऱ्या पत्रात असा संपादनाचा व्यवसाय केला. स्थिर पगाराची खुर्ची त्यांस लाभली नव्हती. त्यांचा 'विशाखा' हा संग्रह १९४२ साली वि. स. खांडेकरांनी स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध केला. पुढे १९८७ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी झालेल्या या कवीसही त्या वळणावर एका जाणत्या स्नेह्याचा आधार मिळाला होता. एकट्याने काम करणाऱ्याने एकटे राहू नये. समव्यवसायी माणसांशी जाणे-येणे ठेवावे. आपल्याला न पेलणारे काम त्यांस द्यावे आणि आपल्या पडत्या काळात त्यांच्याकडे मागण्यास लाजू नये.

शेवटी एक विनंती घरातील मंडळींस. आतल्या खोलीतला तो माणूस एखाद्या दुपारी पुस्तक घेऊन पडलेला दिसला, किंवा गच्चीवर नुसता बसलेला दिसला, तर "आज काम नाही वाटतं?" असे त्यास विचारू नका. हा प्रश्न आपण सहज विचारता; पण ज्यास पगार नाही त्याच्या काळजास तो लागतो, आणि तो पुन्हा उठून नको असलेले काम पत्करतो. माझ्या आईने हा प्रश्न विचारणे सोडले आहे. आता ती खोलीत डोकावते आणि म्हणते, "खरड छाटणी चाललीय का? मग चहा ठेवते."