बँकेच्या वाटा



अलिबागेहून मुंबईस जाण्याच्या दोन वाटा आपणां सर्वांच्या परिचयाच्या आहेत : एक वडखळ-पेणची सडक, दुसरी मांडव्याची लाँच. ऐन पावसाळ्यात लाँच बंद, तर गर्दीच्या दिवशी सडक तुंबलेली. आज आम्ही बोलणार आहोत, ते बँकेच्या हिशेबाला लागणाऱ्या अशाच वाटांविषयी.

खातेदाराचे खाते आता शाखेतल्या वहीत राहत नाही. ते दूरच्या केंद्रातील संगणकात असते. श्रीवर्धनच्या खातेदाराने पाचशे रुपये मागितले, की विचारणा तारेवरून तिथवर जाते आणि होकार घेऊन परतते. तार तुटली, तर तिजोरीत रक्कम असूनही कारकुनाचा हात आखडतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यावर आदळले. खांब आडवे झाले, आणि पैशांची निकड तर नेमकी त्याच दिवसांत होती.

जुन्या पद्धतीत शाखेला एक मुख्य तार व एक राखीव तार असे. राखीव तार बहुधा रिकामीच राही. प्रत्येक राउटर आपल्यापुरती वाट ठरवी. नियम बदलावयाचा, तर एकेका यंत्राला निराळे सांगावे लागे. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंगने ठरविणारा आणि वाहणारा यांची फारकत केली. एस.टी.चा नियंत्रक जसा गाड्या सोडतो, तसा मध्यवर्ती संगणक साऱ्या तारांवर नजर ठेवून वाटा नेमून देतो. पैसे काढण्याची विचारणा लहान, पण तातडीची; तिला मोकळी वाट. कॅमेऱ्यांची चित्रे अवजड. ती थांबू शकतात. दोन्ही तारा एकाच वेळी कामास लागतात. गूगलने २०१३ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला : अशा लांबच्या तारा एरव्ही ३० ते ४० टक्केच भरत, त्यांच्या पुष्कळ तारा जवळजवळ पूर्ण भरून चालू लागल्या.

परंतु नियंत्रक कितीही हुशार असला, तरी नसलेली वाट तो निर्माण करू शकत नाही. दोन्ही तारा एकाच खांबावरून नेल्या असतील, तर एका झाडाने दोन्ही जातील. शिवाय निर्णय एके ठिकाणी आला, म्हणजे तेथील चूकही सर्व शाखांत पोहोचते; म्हणून नियंत्रकालाही जोडीदार हवा.

आपल्यापैकी कित्येकजण सहकारी बँकांचे सभासद आहात. वार्षिक सभेत लाभांशाबरोबर एवढे अवश्य विचारा : आपल्या शाखेची दुसरी वाट खरोखरच दुसरी आहे काय?